कपाळावर घेतलेले चेंडू

नंदकुमार मोहित्यांना हवेतल्या चेंडूची भीती कधी वाटली नव्हती. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या टीममध्ये ते सोळाव्या वर्षी स्टॉपर म्हणून उभे राहिले. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. उंची पुरी सहा फूट, मान पैलवानाची. समोरून लाथाडलेला चेंडू आभाळातून खाली येऊ लागला की बाकीची पोरं डोळे बारीक करायची. नंदकुमार दोन पावलं मागं घ्यायचे, उडायचे आणि कपाळानं असा हाणायचे की चेंडू मध्यरेषेपलीकडं जाऊन पडायचा. कडेला बसलेली माणसं नुसता तेवढा आवाज ऐकायला यायची म्हणतात. पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. एकदा तसला चेंडू मारल्यावर त्यांनी गोलकीपरला विचारलं, "आपला गोल कुठल्या बाजूला गा?" सगळे खो खो हसले. तेही हसले.

त्याच कपाळानं त्यांना चंदीगडला आणलं. केंद्र सरकारच्या एका महामंडळाची टीम होती, खेळाडूंच्या कोट्यातून क्लार्कची नोकरी मिळत होती. एकविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन ते स्टेशनवर उतरले तेव्हा हिंदी धड येत नव्हती आणि पंजाबी तर कानावरही पडलेली नव्हती. न्यायला आला होता बलकार सिंग, टीमचा दुसरा स्टॉपर. त्यानं ट्रंक एका हातानं उचलली आणि म्हणाला, "ओए मराठे, रोटी खाधी?" जेवलास का?

पुढची बारा-तेरा वर्षं हे दोघं गोलपुढं भिंतीसारखे उभे राहिले. सकाळी सराव, दुपारी सेक्टर १७ मधलं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा सराव. सरावात कोच चेंडू उंच फेकत राहायचा आणि हे दोघं आळीपाळीनं डोकं लावत राहायचे. जालंधर, गुवाहाटी, कोची, कुठं कुठं खेळून आले. नंदकुमारांची भुवई दोनदा फाटली, बलकारचं नाक मोडलं. मग नंदकुमारांचा गुडघा गेला आणि खेळ थांबला. नोकरी राहिली. सांगलीच्या मीनाक्षीशी लग्न झालं, मुलगी झाली, जाई. चंदीगडच्या कडेला मनीमाजऱ्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. महाराष्ट्रातून बदलीवर आलेली माणसं येत आणि तीन वर्षांनी जात. हे मात्र इथलेच झाले. साठीला निवृत्ती आली.

बलकारही मनीमाजऱ्यातच राहायचा, बाजारामागच्या गल्लीत. मध्ये दीडएक वर्ष भेट राहून गेली. फोन केला की त्याची बायको हरजीत म्हणायची, "भाईसाब, सो रहे हैं." एके सकाळी नंदकुमार न सांगताच गेले. दार उघडंच होतं. आत खाटेवर बलकार बसला होता, दाढी विस्कटलेली, डोक्याला पगडी नाही, केसांवर नुसता छोटा पटका बांधलेला. नंदकुमार हसत पुढं झाले.

"की हाल है, बलकारे?"

बलकारनं मान वर केली. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. भीती तेवढी होती. तो एकदम उठला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि ओरडला, "कौण है ओए? चोर! चोर!"

हरजीत स्वयंपाकघरातून धावत आली आणि मध्ये पडली. काठी तिच्या दंडावर बसली. तिनं हूं की चूं केलं नाही, नुसती नवऱ्याला धरून उभी राहिली. तिच्या त्याच दंडावर जुना, पिवळा पडत चाललेला वळ होता, तो नंदकुमारांना दिसला.

बाहेर गल्लीत येऊन तिनं हळू आवाजात सांगितलं. डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. त्यांनी विचारलं होतं, हे फुटबॉल खेळायचे का, डोक्यानं खूप मारायचे का. "आप का तो सब ठीक है ना, भाईसाब?" तिनं विचारलं.

"हां जी, पक्का," नंदकुमार म्हणाले.

मीनाक्षीला त्यांनी फक्त "बलकार आजारी आहे" एवढंच सांगितलं. दुपारी फोनवर शोधलं. एका व्हिडिओत इंग्लंडचा एक म्हातारा डिफेंडर दिसला, आपल्याएवढाच असेल. खिडकीपाशी बसलेला आणि बायको त्याच्या बुटांच्या नाड्या बांधतेय. ती सांगत होती की डिफेंडर म्हणून खेळलेल्यांत हे जास्त दिसतं. नंदकुमारांनी फोन उलटा ठेवला.

तेव्हापासून ते स्वतःवर पाळत ठेवू लागले. चष्मा सापडला नाही की तो कधी काढला ते आठवत बसायचे. दूधवाल्याचं नाव जिभेवर येऊन अडलं की मीनाक्षीला दाराशी पाठवायचे. सकाळी दात घासताना जुन्या टीमची नावं मनात म्हणायची. डावा विंगर आठवेना म्हणून एकदा ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले, मीनाक्षीनं दार वाजवेपर्यंत. "अहो, झोप लागली काय आत?" नाव शेवटी आठवलं, पण दिवसभर ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत राहिले. पूर्वीही ते नावं विसरत असतील. पण पूर्वी कोण लक्ष ठेवत होतं?

मीनाक्षीच्या दंडाकडे त्यांचं लक्ष जायचं. ती भाजी चिरत असली की ते लांबूनच बोलायचे.

मग ती चौकाची गोष्ट झाली. जाई सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. तिची स्कूटी बंद पडली म्हणून नंदकुमार तिला आणायला निघाले. लख्ख ऊन होतं, ट्रॅफिक नेहमीचाच. एका गोल चौकात शिरले आणि कुठल्या रस्त्यानं बाहेर पडायचं ते कळेना. चारी बाजूंना तीच झाडं, तीच रुंदी, त्याच पाट्या. एक फेरी मारली. दुसरी मारली. पाट्यांवरचे आकडे वाचता येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. मागून कारवाला हॉर्न देत होता. आपण कुठं निघालोय, हेच क्षणभर निसटलं, आणि तो क्षण त्यांना विहिरीत पडल्यासारखा वाटला. स्कूटर कडेला लावून ते फुटपाथवर बसले. चंदीगडचे चौक कुणालाही फसवतात, नवा माणूस तर हमखास चुकतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ते नवे नव्हते. चाळीस वर्षं इथून जात होते.

फोन वाजला. "पापा, कहाँ हो? मैं गेट पे खड़ी हूँ."

गेट म्हटल्यावर सगळं परत आलं. संस्था, रस्ता, जाईचा चेहरा. "पंक्चर झालंय बाळ, येतो," ते म्हणाले. खोटं किती सहज आलं याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

जाई संस्थेच्या मुलींच्या टीममधून फुटबॉल खेळायची, तीही स्टॉपर. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. रविवारी सामना होता, मीनाक्षीनं त्यांना ओढूनच नेलं. उत्तरार्धात समोरच्या टीमनं कॉर्नर घेतला. चेंडू वर चढला, वळला आणि गोलसमोर उतरू लागला. जाईनं दोन पावलं मागं घेतली.

नंदकुमार रेषेवरून आत धावले. गुडघा दुखत होता तरी धावले. "जाई! डोकं लावू नको! सोड! सोड तो!"

जाई दचकली आणि तशीच थांबली. चेंडू तिच्या खांद्याला लागून गोलमध्ये गेला. शिट्टी वाजली. सगळ्या मुली या म्हाताऱ्या माणसाकडे बघत होत्या. त्यांनी गोलसमोरच मुलीचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि ते रडत होते.

"पापा, क्या हुआ? आप ठीक हो?"

"न्हाई," ते म्हणाले. "ठीक न्हाई मी."

झाडाखालच्या बाकावर त्यांनी दोघींना सगळं सांगितलं. बलकारची काठी, चौक, दात घासताना म्हटलेली नावं. मीनाक्षी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आणि हे सगळं एकट्यानं पोटात घेऊन हिंडत होतात? मला वाटलं, माझ्यावर राग धरलाय तुम्ही. लांब लांब राहता म्हणून."

"राग न्हाई गं," ते म्हणाले. "भ्या वाटत होतं. माझंच."

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. चित्रं ओळखा, शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळ काढून दाखवा. मग मशिनीत निजवून डोक्याची छायाचित्रं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्या म्हणाल्या की काही बदल दिसतात. ती सुरुवात असू शकते, आणि वयाच्या मानानं एवढं असूही शकतं. सहा महिन्यांनी परत बघू.

"मी बलकारसारखा होणार का, तेवढं सांगा," नंदकुमारांनी हिंदीत विचारलं.

"वो आज कोई नहीं बता सकता," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली जाईच्या हातात दिली. ती नको म्हणाली नाही. तिनं आपलंही सांगितलं: खेळणं सोडणार नाही, पण सरावात डोकं लावणार नाही, कोचशी बोलून आलेय. नंदकुमारांना ते पुरेसं वाटलं नाही. पण पोरगी सव्वीस वर्षांची होती.

जाई तिच्या खोलीत गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "मीनाक्षी, उद्या मी तुझ्यावर हात उगारला तर?"

"मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "बाहेर जाईन मी. शेजारच्यांना हाक मारीन. जाईला सांगीन. मार खात उभी राहणार नाही, हे आत्ताच सांगते. पण तुम्हाला सोडूनही जाणार नाही." मग म्हणाली, "मला हरजीतला भेटायचंय. एकदा डोळ्यांनी बघू दे."

नंदकुमारांना तिथं पुन्हा जायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, तेव्हा मीनाक्षीनं त्यांच्या दंडाला धरलं. या खेपेला हरजीतला आधी कळवलं होतं. बलकारला आंघोळ घातलेली होती, पगडी नीट बांधलेली. दोघी आत गेल्या. नंदकुमार दाराजवळच्या खुर्चीवर बसले, उठून पळता येईल अशा बेतानं. समोर बलकार, मधे हातभर अंतर.

बलकार बराच वेळ त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. नंदकुमारांची नजर त्याच्या हातांवरच होती.

"तू किहदा मुंडा हैं?" बलकारनं विचारलं. कोणाचा मुलगा तू?

"बाबूरावांचा," नंदकुमार म्हणाले. "कोल्हापूर दा."

बलकारनं त्यावर विचार केला. "दूर है?"

"हां. बहोत दूर."

"रोटी खा के जाईं," बलकार म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं मीनाक्षी बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज शांत. "निघायचं?"

त्यांना निघायचं होतं. अंगातलं सगळं बळ त्यांना दाराकडे ढकलत होतं. त्यांनी खुर्ची जराशी पुढं घेतली.

"बसू की थोडं," ते म्हणाले. "तो जेवून जा म्हणालाय."