हिरामणचं अर्धं वाक्य

हिरामणला इंग्रजी शिकवायचं मी कबूल केलं, ते त्याने दारात आणून ठेवलेल्या सुरमईकडे बघून. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मी घाटावरून बदलून रेवदंड्याच्या शाळेत आलेला मास्तर, आणि हिरामण तिथल्या कोळीवाड्यातला तिशीचा गडी. भावाच्या होडीवर दोन संसारांचं पोट भरेना, म्हणून त्याला मुंबईला आगबोटीवर खलाशाची नोकरी हवी होती. तिथला कप्तान तोंडी परीक्षा घेतो, तीही इंग्रजीत, आणि सगळे प्रश्न जर-तरचे, ही खबर आधी नापास होऊन आलेल्या शिवदासने आणली होती.

रोज संध्याकाळी हिरामण शाळेच्या ओट्यावर मांडी ठोकून बसायचा. अमुक केलं की तमुक होतंच, या जातीची वाक्यं त्याला चटकन जमली. मी सांगितलं, "इफ यू हीट वॉटर, इट बॉइल्स." त्याने लगेच स्वतःची जोडली. "इफ यू ड्राय बोंबील, इट स्मेल्स. इफ मदर शाउट, ऑल हाऊस हिअर्स." व्याकरण जरा लंगडत होतं, पण गडी खूश होता आणि मीही.

घोडं अडलं ते दुसऱ्या जातीवर. उद्या असं झालं, तर तू काय करशील? मी म्हटलं, "म्हण, इफ द शिप सिंक्स, आय विल लोअर द बोट्स. जहाज बुडालं, तर मी होड्या खाली सोडीन."

त्याने मान खाली घातली. "न्हाय म्हननार, गुर्जी."

आग लागली तर, माणूस पाण्यात पडला तर, एकही वाईट 'तर' त्याच्या तोंडून निघेना. त्याचे वडील काळूराम समुद्रावरून परतले नाहीत, तेव्हापासून त्याची आई जनीबाई घरात 'बुडणं' हा शब्दच येऊ देत नसे. कळशीसुद्धा त्या घरात कोणी बुडवत नसे, भरत असे. माझं डोकं फिरलं. बोलल्याने जहाजं बुडली असती, तर एव्हाना एकही वर राहिलं नसतं, असं मी फाडकन बोललो. हिरामण उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी जनीबाईच आली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. तिने शांतपणे विचारलं, "गुर्जी, सवाल कोन इचारतो?"

"कप्तान साहेब."

"मंग वंगाळ तो बोलंल. माजा पोर फकस्त पुडचं बोलंल. चालंल न्हवं?"

चालण्यासारखं होतं. त्या दिवसापासून वाईट अर्धं माझ्याकडे आणि चांगलं अर्धं हिरामणकडे. "इफ देअर इज अ फायर?" "आय विल रिंग द बेल." "इफ अ मॅन फॉल्स?" "आय विल जंप." पण जहाज बुडवायची वेळ आली की समोरचा तो उन्हाने रापलेला भाबडा चेहरा बघून माझीच जीभ अडखळायची. फार जीव जडला होता त्याच्यावर.

परीक्षा देऊन तो घरी न जाता थेट माझ्याकडे आला. सगळी उत्तरं बरोबर आली होती. शेवटी मात्र साहेबाने फर्मावलं होतं, पूर्ण वाक्य म्हण, जहाज बुडालं तर, इथपासून.

"मग?" मी विचारलं.

"म्या बोललो, नो सर. यू से. आय नॉट से. मदर अ‍ॅट होम."

"गेली नोकरी," मी कपाळावर हात मारला.

"आयका तरी. म्हातारा साहेब म्हनला, माय मदर ऑल्सो. आनि नोकरीच्या कागदाव सही केली."

आम्ही दोघे जनीबाईकडे गेलो. पोरगा आता लांब जाणार, म्हणून ती आधी रडली. मग तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि विचारलं, "त्या साहेबाची आय हाय अजून?"

ते काही हिरामणने विचारलं नव्हतं.

"इचारायचं व्हतं रं," ती म्हणाली. "तिला सुक्या कोलंबीचं थोडं सोडं धाडलं असतं."