डाव्या बाहीचे टाके

रफूकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी केलेला रफू कुणाला कधी सापडला नव्हता. कोटाच्या शिवणीआडून त्याच कापडाचे धागे ओढायचे, भोकाभोवतीच्या शाबूत कापडात अडकवायचे आणि उभे-आडवे विणत जायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "कुठं होतं हो भोक?" काका म्हणायचे, "तेच विसरलो."

एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात नुसता लोंबू लागला. जीव वाचला, पण सुई धरता येत नसेल तर वाचलेल्या जिवाचं करायचं काय, हा प्रश्न काकांच्या चेहऱ्यावरून हलेना.

काकूंनी प्रेमाचा कहर केला. घास भरवले, गुंड्या लावल्या, चष्मासुद्धा पुसला. उरलंसुरलं डावा हात करी. दोन महिन्यांत उजव्याचा पार घरजावई झाला: घरात आहे, पण कामाला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या त्या काकूंवरच घसरल्या. "अशाने हात कायमचा जाईल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, काकू. मधे बारीक फट असते. एकीच्या टोकाला विजेची लहर पोचली की तिथून रसायन सुटतं, ते फटीपलीकडच्या शेजारणीला लागतं, मग ती पुढच्या कितीतरी जणींना कळवते. ज्या वाटेनं निरोप सारखे जातात ती पक्की होते, बाकीच्या बुजतात. यांच्या मेंदूत भोक पडलंय. तिथल्या पेशी परत येणार नाहीत. पण आसपासच्या जिवंत पेशी नवे फाटे काढून जोडल्या जातात. फक्त त्यांना काम मिळालं पाहिजे."

काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बसले. "म्हणजे रफूच की. भोवतालचे धागे घेऊन विणायचं."

"बरोबर. फक्त डाव्याला रोज दोन तास बांधून ठेवा. तो फार पुढे पुढे करतो."

काकूंनी बांधला नाही. सदऱ्याची डावी बाही सदऱ्याच्याच कडेला शिवून टाकली. "उजव्या हातानं उसवा," त्या म्हणाल्या, "तोवर मी आंधळी."

रोज दोन तास जुगलबंदी चाले. बोटं टाक्यापाशी पोचायची आणि घसरायची. कपाळावरून घाम उतरायचा. काकू पाठ करून भाजी निवडत आणि एकच पान चारदा निवडत. वेळ संपली की स्वतःच टाके उसवत, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत. बाई सांगायच्या, "जमलं नाही तरी निरोप गेला. उद्या वाट तेवढी रुळलेली असेल."

बाविसाव्या दिवशी काकूंनी वळून पाहिलं तर बाही मोकळी. दोऱ्याचे तुकडे मांडीवर.

"अहो, दातांनी तोडले?"

"दात कुठं पोचतायत तिथं? एकेक ओढून काढला. असले गबाळे टाके अंगावर किती दिवस वागवायचे मी?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि टाक्यांचा अपमान तेवढा लक्षात ठेवला.

ओढाताणीत बाहीला बोटभर भोक पडलं होतं. ते रफू करायला काकांना नऊ दिवस लागले. रफू इतका गाठाळ झाला की रस्त्यापलीकडूनही दिसला असता. पण आल्यागेल्यासमोर काका बाही पुढे करत आणि ती जागा बोट ठेवून दाखवत. उजव्या हाताचं बोट.