म्हातारीची भाषा

आमचे चुलते तात्या बैलांशी मराठीत बोलत नसत. "खा", "थांब", "गप उभा राहा" हे सगळं ते पापुआ बेटावरच्या जंगलातल्या कुठल्याशा खेड्याच्या भाषेत सांगत आणि बैल मुकाट ऐकत. सुप्याच्या बाजारात त्यांना 'जपानी तात्या' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत असताना ज्या जपान्यांनी तात्यांना सिंगापुरात पकडून त्या बेटावर हमालीला जुंपलं, त्यांचंच नाव लोकांनी या माणसाला चिकटवावं, याला काय म्हणावं!

कैदेतून पळालेल्या तात्यांना एका म्हातारीनं आपल्या झोपडीत लपवलं आणि झाडाच्या गराचा, साबुदाण्यासारखा चिकट लगदा खाऊ घालून जगवलं. लढाई संपल्यावर आपली पलटण आली ती त्यांना उचलूनच घेऊन गेली. म्हातारी तेव्हा रानात होती. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पुढं आली की तात्या पहिला घास हातात धरून थांबत. "तिला सांगायचं ऱ्हायलं, पोचलो म्हनून," एवढंच म्हणत. तिच्या गावाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात बैल चारा-छावणीत गेले आणि तात्यांचं बोलणंच खुंटलं. तेवढ्यात पुण्याचे एक भाषेचे प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या ओसरीवर आले. त्यांना त्या भाषेचं व्याकरण लिहायचं होतं, ती कोणत्या कुळातली ते ठरवायचं होतं.

"कूळ कळलं तर गाव घावंल का, सायेब?" तात्यांनी विचारलं.

"शक्य आहे," प्राध्यापक म्हणाले. त्या दिवशी तात्या पोटभर जेवले.

पण गाडी लवकरच अडली. 'माझा बाप', 'दोन माणसं', 'मी जातो' हे कसं म्हणायचं, ते तात्यांना सांगता येईना. त्यांना येत होतं ते "खा", "नीज", "गप बस", "बाहेर जाऊ नको". लपवलेल्या माणसाशी म्हातारी दुसरं काय बोलणार?

"मला कुटं बोलू देत हुती ती!" तात्या चिडून म्हणाले.

दिवाळीनंतर प्राध्यापक पुन्हा आले. एवढ्या शब्दांवरून कूळ ठरत नाही, मग गाव कुठलं सापडणार, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. त्यांची चूक नव्हती, तरी मला त्यांचा रागच आला. तात्या यंत्राजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "यंत्र चालू करा."

प्राध्यापकांनी बटण दाबलं. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सांगायचं होतं ते सांगायला त्या भाषेतला एकही शब्द त्यांच्यापाशी नव्हता. शेवटी यंत्रावर वाकून ते आपल्याच बोलीत म्हणाले,

"आये, पोचलो गं मी घरी. आता काळजी करू नगं."