जीवखडा

नववीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी कोकणात सहल काढली. आमच्या कुंडलच्या बाजूला सहल म्हणजे औदुंबर, फार तर पन्हाळा. हे सर मात्र भलतेच हौशी. गुहागरच्या पुढं एका किनाऱ्यावर म्हणे दगडात जुने शिंपले अडकलेत, ते मुलांनी आपल्या हातांनी शोधायचे. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं : जीवाश्म. "जीव अधिक अश्म. म्हणजे दगडात राहिलेला जीव."

बाकीची पोरं समुद्राच्या विचारात होती. मी त्या शब्दाकडे बघत बसलो, कारण तसला एक दगड माझ्या दप्तरात होता.

महिन्यापूर्वी वडील गेले होते. स्मशानात पाण्याच्या मडक्याला ज्या खड्यानं भोक पाडलं, तो चुलत्यांनी माझ्या हातात दिला. त्याला जीवखडा म्हणतात. "धा दिस तुजा बा ह्यात हाय. जपून ठिव," ते म्हणाले. दहा दिवस मी तो उपरण्याच्या गाठीत बांधून हिंडलो. दहाव्या दिवशी कृष्णेच्या काठावर चुलते म्हणाले, "सोड पाण्यात. आन् मागं बगू नगंस." ज्यात वडील आहेत ते पाण्यात कसं सोडायचं, हे मला काही केल्या कळेना. मी काठावरचाच दुसरा खडा उचलून सोडला आणि मागं न बघता घरी आलो.

रडू तेव्हाही आलं नाही आणि नंतरही नाही. जेव म्हटलं की जेवायचो, नीज म्हटलं की निजायचो. आईनं त्याचाच घोर घेतला होता. सर परवानगी मागायला घरी आले तेव्हा ती म्हणाली, "आवं सर, दगुड काय आपल्या माळावर कमी हाईत? पर न्या त्येला. जरा मोकळा तरी हुईल."

घाट उतरताना अर्धी एसटी ओकली. समुद्र दिसल्यावर पोरं चेकाळली. मीही पाहिला. मोठा होता.

ओहोटीला सर हातोडी आणि भिंग घेऊन पुढं, आम्ही मागं. पिवळट खडकात शिंपले खरंच होते, चिवड्यात दाणे दिसावेत तसे. ज्याला तुकडा मिळे तो रांगेत उभा राही, सर भिंगातून बघत आणि "शाबास, जीवाश्म!" म्हणत. मीही रांगेत लागलो. पाळी आल्यावर, दप्तरातून खिशात घालून आणलेला खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदाच मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. भिंगातून सरांना वडील दिसतील असं नव्हे, एवढा खुळा मी नव्हतो. पण यात काहीतरी आहे, एवढं त्यांनी म्हणायला हवं होतं.

सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा इथला नाही रे. आपल्याकडचा काळा दगड, लाव्हारसाचा. यात जीव कुठला सापडायला?"

"नीट बघा की, सर."

"बघितला. काही नाही यात," असं म्हणून त्यांनी तो सहज लाटेत भिरकावला. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! भला माणूस होता. त्यांच्यावर मला कधी रागावता आलं नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

खडा कुठं पडला तेही दिसलं नाही. मागच्यानं आपला शिंपला पुढं केला. बाकीची रांग संपली तरी मी पाण्याकडे तोंड करून तिथंच उभा होतो. "मागं काय बघतोस? चल," सर म्हणाले.

मी बघत राहिलो. रडू तेव्हाही आलं नाही. गावात सगळ्यांच्या लेखी वडील कृष्णेतून गेले. कृष्णा पूर्वेला जाते आणि मी त्यांना पश्चिमेच्या समुद्रात ठेवून आलो होतो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "गावलं का रं काय?"

"न्हाई," मी म्हणालो.