जमुनानं घासून काढलेली मांजर

…तर आपल्या दांडी गावात मांजर म्हनजे चोरच ना गं पारू? बोंबलावर डोळा ठेवून बसनारी. पन लाडकीकडं आली ती येगळीच व्हती. मी सांगते तसं लिही, हात थांबवू नको.

लाडकी तारापूरला कॉलनीत परदेशी सायबाकडं भांडी घासायची. सायब देशाला परतला तवा त्याच्या बायनं मांजर हिच्या हातात दिली. सयाम मुलखातली जात म्हने. तिकडं नवरीला लग्नात या मांजरांची जोडी देतात, नशीब उजळतं म्हनून. केस आखूड, अंगाला चिकटलेले. रंग राखाडी, टोकाला चांदी, ताज्या बोयट मासळीच्या पाठीसारखा. तोंड पिंपळाच्या पानासारखं, डोळे कैरीसारखे हिरवे. आख्खा पाडा बघायला.

जळली ती शेजारची जमुना. आदी या दोघी रोज बोंबील सुकाय टांगायच्या, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून. एकीनं अडकवायचे, दुसरीनं बांबूवर टाकायचे. आता लाडकीच्या मांडीवर मांजर, म्हनून ती एका हातानंच काम करी. त्या मांजरीचं मानूस एकच, लाडकी. जमुना जवळ सरकली की दोघींच्या मदी येऊन बसायची.

"हिला सवत खपत नाय गं," लाडकी हसायची.

"सवत ती, का मी?" जमुना पुटपुटायची.

मंग जमुनानं डोक्यात घेतलं की रंग खोटा हाय. "चुलीची राख फासलीय. सायबानं फशिवलं," असं सांगत सुटली. लाडकी बोईसरच्या बाजारात गेली तशी हिनं मांजर पकडली, विहिरीवर नेली, साबन लावून काथ्यानं घासली. राख काय निघेना. उलट उन्हात सुकली नि आनखी चमकाय लागली. बाया म्हनल्या, "जमुना, आता चुना लाव, पांढरी तरी व्हईल."

लाडकी आली. मांजरीला साबनाचा वास, जमुनाच्या हातावर लाल ओरखडे.

"धुतलीस?"

"खोटी हाय का ते बघाय."

"मला इचारायचंस."

"कवा इचारू? तुला माझ्याकडं बघाय येळ कुठं हाय?"

लाडकी आत गेली. हळद आनली, जमुनाच्या हाताला लावली. मांजर मदी घुसाय लागली तशी तिला उचलून आत टाकली नि दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून बोंबील टांगताना मांजर कोंडलेली. आतून ती ओरडायची, नि जमुना भाहेर हळूहळू काम करायची, मुद्दाम. काम लवकर संपलं तर कडी निघनार ना.

मांजर म्हातारी व्हऊन मेली तवा जमुना म्हनली, "बरी व्हती. पन जरा जास्तच जगली."

हा कागद जमुनाच्या सुनेला, हंसाला नेऊन दे. सासूला वाचून दाखव म्हनावं. म्हातारी म्हनंल असं काय झालंच नाय, तरी सगळा वाच म्हनावं.