लॉर्ड थॉर्नकोमची दाढी

जाइल्स हॅरप हा इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या थॉर्नकोम गावचा न्हावी. दात उपटणे, गळवे फोडणे हेही तोच करी. पण अभिमान एकाच गोष्टीचा. लॉर्ड थॉर्नकोम यांच्या गळ्यावर रोज सकाळी त्याचाच वस्तरा फिरे. लॉर्डसाहेब राजाच्या सल्लागारांतले. दरबारात करायचे भाषण ते आधी जाइल्सला ऐकवत. बोलणे फार लांबले की जाइल्स म्हणे, "सरकार, साबण वाळतोय." मग भाषण आटोपते घ्यावे लागे. दरबारात त्यांच्या मोजक्या बोलण्याची वाहवा झाली की निम्मी वाहवा जाइल्स मनातल्या मनात आपल्याकडे वळवून घेई.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली. पार्लमेंटवाले जिंकले आणि त्यांनी राजाचे मुंडके उडवले. लॉर्डसाहेबांनी शपथ घेतली, की युवराज गादीवर बसेपर्यंत गालाला वस्तरा लागू द्यायचा नाही. गावाने त्यांना धन्य म्हटले. जाइल्सचे मात्र वाड्यावरचे रोजचे काम बुडाले.

"शपथ त्यांची आणि उपास आपल्याला!" त्याची बायको डॉर्कस म्हणाली.

पार्लमेंटचा एक कॅप्टन लॉर्डसाहेबांच्याच वाड्यात मुक्काम ठोकून बसला आणि त्याला रोज गुळगुळीत गाल लागत. जाइल्स नाही कसा म्हणणार? गुत्त्यात टोमणे सुरू झाले.

"काय रे, वस्तरा जरासा घसरला असता तर?"

"मी न्हावी आहे बाबा, खाटीक नव्हे!"

हे हसण्यावारी नेता आले. पण वाड्यातच नजरकैदेत असलेले लॉर्डसाहेब एकदा बागेत समोर आले आणि त्याच्या अभिवादनाला उत्तर न देता निघून गेले, ते त्याला फार लागले. आपण नजरेतून उतरलो, हे त्याने मनात पक्के धरले.

वर्षे गेली. दाढी छातीवर रुळू लागली. पहिली पत्नी वारल्यावर लॉर्डसाहेबांनी लेडी फिलिपाशी लग्न केले, तेही दाढीसकटच.

मग एके दिवशी चर्चच्या घंटा वाजू लागल्या. परदेशी पळालेला युवराज राजा होऊन परत येत होता! गाव सफरचंदाची दारू पिऊन नाचले. जाइल्स तेवढा घरात बसला, कारण लॉर्डसाहेबांची दाढी उतरवायला ब्रिस्टलहून फ्रेंच न्हावी निघाल्याची बातमी त्याच्या कानावर आली होती.

"अहो, जाऊन विचारा तरी," डॉर्कस म्हणाली.

"कुठल्या तोंडानं विचारू?"

दुसऱ्या दिवशी वाड्यावरून त्यालाच बोलावणे आले. लॉर्डसाहेब खुर्चीत अवघडून बसले होते.

"त्या फ्रेंचाला परत पाठवला. दाढीखाली काय उरलंय कोण जाणे. परक्यासमोर कशाला उघडं करायचं?" मग जरा घुटमळून म्हणाले, "त्या कॅप्टनची दाढी छान करायचास तू. मी खिडकीतून बघायचो. असा जळफळाट व्हायचा माझा!"

जाइल्सला हसावे की रडावे कळेना. त्याने कात्री उचलली.

दाढी उतरत आली तशी लेडी फिलिपा आत आल्या आणि दारातच किंचाळल्या, "अगं बाई! हे कोण?" मग हसून हसून खालीच बसल्या. "जाइल्स, चिकटव बाबा ती परत!"

लॉर्डसाहेबही हसले. पण आरसा हाती घेतल्यावर हसू मावळले. गाल बसले होते, कातडी लोंबत होती.

"हे तोंड घेऊन लंडनला जायचं," ते हळूच म्हणाले. "राजा ओळखेल का रे मला?"

"राजाचं मला ठाऊक नाही, सरकार," जाइल्स म्हणाला. "मी ओळखलं."

लॉर्डसाहेबांनी आरसा पालथा घातला, डोळे मिटले आणि गळा वर केला.

"राहिलीय थोडी. कर पुरी."