राहूकाळानंतरचा राउटर

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा पहिलं वर्षभर मला एकच काम, कुणाचा प्रिंटर अडला की धावायचं. नव्या शेडमधला राउटर चालू करायचं काम पुण्याच्या साहेबांनी मला दिलं तेही नाइलाजाने, त्यांचा माणूस रजेवर होता म्हणून. फोनवर स्पष्टच म्हणाले, "आज झालं तर ठीक. नाहीतर सोमवारी मी माणूस पाठवतो, तू हात लावू नकोस." फार लागलं ते. इंजिनिअर काय कागद ओढायला झाले होते?

कोरा राउटर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. नेटवर्कमधले पत्ते, पुण्याला जोडणाऱ्या लाइनचा तपशील, सगळं सांगावं लागतं. एक तर तो लाइनवरून पुण्याच्या सर्व्हरकडून सगळं आपणच उतरवून घेतो. नाहीतर स्क्रीनवर प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची. तेही नको असेल तर त्याला 'नो' म्हणायचं आणि एकेक ओळ स्वतः टाइप करायची. साहेबांचा हुकूम होता पहिल्या पद्धतीचा. साडेदहा ते बारा सर्व्हर उघडा राहणार, मी नुसतं बटण दाबायचं.

साडेदहाला गेले तर बटणापाशी आमचे फोरमन उभे. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळभर विभूती. "इप्पो वेण्डाम मा," म्हणाले. आत्ता नको. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहूकाळ, त्या वेळात नवं यंत्र सुरू करायचं नाही म्हणजे नाही! शेडमधलं प्रत्येक यंत्र त्यांनी असंच वेळ बघून सुरू केलेलं. मी हिंदीत भांडले, इंग्रजीत भांडले, शेवटी मराठीतही भांडून घेतलं. त्यांनी शांतपणे माझ्यासाठी कॉफी मागवली. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर रोजचा राहूकाळ छापलेला असायचा. वर्षभरात मी तो एकदाही वाचला नव्हता, तेवढी चूक माझी.

साहेबांना फोन केला. "बारानंतर सर्व्हर मिळणार नाही. सोमवारीच बघू," म्हणाले आणि ठेवला. माझं डोकं सटकलं. म्हटलं, बघतेच आता. राउटरच्या प्रश्नोत्तरांत आमच्या लाइनचा निम्मा तपशील येतच नव्हता, म्हणजे हातानेच लिहायचं. पुस्तिका उघडली, लाइन देणाऱ्या कंपनीचा तपशिलाचा कागद शेजारी ठेवला आणि बारा वाजेपर्यंत खोडत, पुन्हा लिहीत चाळीस ओळी कागदावर उतरवल्या.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोरमननी राउटरला कुंकू लावलं. कापूर मात्र मी लांबच ठेवायला लावला. वीज आली, स्क्रीनवर अक्षरं धावली आणि तो प्रश्न आला, मी प्रश्न विचारू का? मी 'नो' टाइप केलं. मग कागद बघत एकेक ओळ. चाळीस ओळी संपल्या तरी लाइनचा दिवा काही लागेना. फोरमन माझ्याकडे बघायला लागले. गेलं सोमवारवर! कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि कपाळावर हात मारला. लाइनचं पोर्ट मुळात बंदच असतं, ते उघडायचा हुकूम मी लिहिलाच नव्हता. तेवढे दोन शब्द टाइप केले आणि दिवा हिरवा झाला.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. "अगं, तुमची लाइन चालू दिसतेय. सर्व्हर तर मी बंद केलाय. कुणाला बोलावलंस?"

"कुणालाच नाही सर. मी हाताने टाइप केलं."

मग म्हणाले, "सोमवारचं तिकीट रद्द करायला सांगतो."

राउटरच्या खोलीतून बाहेर आले तर फोरमन सगळ्या शेडला सांगत होते, चांगल्या वेळेला लावलं म्हणून चाललं. अशी चिडले! सगळ्यांदेखत माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ठणकावलं, "नान पण्णिनेन!" मी केलंय.

ते आधी दचकले, मग मोठ्याने हसले आणि तितक्याच मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमा मा, नी दान." होय गं, तूच.